किडनीचे ग्रेडर

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी जन्मात कुठलीही वस्तू नुसती पाहिली नाही. जे दिसलं त्याला त्यांनी ग्रेड दिली. भाकरीला दिली, वरातीतल्या बँडला दिली, बोरी अरबच्या बाजारातल्या वांग्यांना आणि दारव्ह्याच्या एसटी स्टँडवरच्या चहाला दिली, पुढाऱ्यांच्या भाषणांना दिली, आणि शेवटी स्वतःच्या दोन्ही किडन्यांनाही दिली. ग्रेड देताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की जगातलं बरंवाईट ठरवायचं काम आज सकाळीच त्यांच्यावर सोपवलं आहे असं वाटावं.

भाऊजी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग लागायची. हे गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढायचे, कोपरापर्यंत हात कापसात खुपसून आतला मूठभर कापूस काढायचे, सरकीपासून तंतू सोडवायचे आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ते असे विंचरायचे, की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस एखाद्या लहान मुलीची वेणी घालतो आहे. मग शर्टाच्या वरच्या खिशातून, जिथे बाकीचे लोक पेन ठेवतात तिथून, काळ्या मखमलीचा वीतभर तुकडा निघायचा. त्यावर तंतूंची पात अंथरायची, पट्टीने लांबी मोजायची, पांढरेपणा पाहायचा, कचरा पाहायचा आणि ग्रेड बोलायची. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ताईने तो मखमलीचा तुकडा साबण लावून धुतला, तेव्हा भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. "डोये धुतले तिनं माह्ये," असं ते, डोळेच गेल्यासारखे, आमच्या वडिलांना येऊन सांगून गेले.

वडिलांशी त्यांचं पहिलं भांडणही कापसावरूनच झालं होतं, आणि तेही भर मांडवात. वडिलांनी लेकीला द्यायला नवी गादी भरून घेतली होती. नवरदेव त्या गादीवर बसले, बसल्याबसल्या शिवणीतून बोट घातलं, चिमूटभर कापूस ओढला, विंचरला आणि भटजी मंत्र म्हणत असताना सासऱ्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "मामाजी, तुमाले फसवलं. हा फरदड हाय." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर न उपटता ठेवलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, मागाहून येणारा कापूस, धागा आखूड, दम कमी. वडील इतके संतापले की लग्न लागल्यावर तासभर नवरदेवाकडे पाहीनात. पण त्यानंतर आमच्या घरात एकही उशी भाऊजींना दाखवल्याशिवाय भरली गेली नाही, हेही खरं.

मी दारव्ह्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. बोलणं कमी, वाचणं जास्त. भाऊजी मला सायेबुवा म्हणायचे, म्हणजे साळेबुवा, बायकोचा भाऊ म्हणून. आमच्याकडच्या बोलीत ळ चा य होतो. पण ते एवढ्या मोठ्याने हाक मारायचे की परक्यांना 'साहेबबुवा' ऐकू यायचं, आणि भरलेल्या एसटीत कुणीतरी उठून मला जागा द्यायचं. मी संकोचाने बसायचो. भाऊजी उभ्याउभ्या समोरच्या प्रवाशाच्या धोतराचं सूत चिमटीत धरून पाहायचे.

त्यांची एक पद्धत मात्र सगळ्या केंद्रांवर प्रसिद्ध होती. बाकीचे ग्रेडर वाईट कापूस आला की नुसता आकडा फेकायचे. भाऊजी तसं कधी करत नसत. ते आधी चांगलं सांगायचे. "धागा लंबा हाय बाप्पा. वेचणीही साफ केली. घरच्या बायांनी वेचला वाटते?" मग जरा थांबून, "पण ओला हाय," आणि मग ग्रेड. त्यांचं म्हणणं असं, की माणसाने वर्षभर राबून गाडी भरून आणली आहे, तर त्यात काहीतरी चांगलं असणारच, आणि ते हुडकून काढणं हे ग्रेडरचं अर्धं काम आहे. ही सवय घरातही शिरली. जेवताना भाऊजी म्हणाले, "फोडणीचा वास लय भारी हाय," की ताई पदर खोचून विचारायची, "मीठ कमी पडलं का जास्त झालं, तेवढं सांगा." भाच्याचं प्रगतिपुस्तक हातात घेऊन ते म्हणाले, "अक्षर सुंदर हाय लेकाचं," की भाचा मागच्या दाराने पसार व्हायचा. तारीफ जितकी लांब, तितकी ग्रेड खाली, हा आमच्या घरचा हिशेब होता. चांगल्या वस्तूला भाऊजी तारीफ करतच नसत. नुसते "ग्रेड एक!" असं ओरडायचे, तेही उभं राहून.

मग कापसाची ती वर्षं आली. कधी वेचणीच्या तोंडावर पाऊस, कधी अळी, आणि केंद्रावर येणारा माल असा, की भाऊजींच्या मखमलीवर पांढरं कमी आणि डागच जास्त. त्या काळात ते केंद्रावरून घरी आले की बराच वेळ हात धूत बसायचे. एकदा एका म्हाताऱ्याची गाडी आली. भाऊजींनी तीन ठिकाणांहून कापूस काढला, तिन्ही वेळा विंचरला, पण तारीफ करण्यासारखं त्यात काहीच सापडेना. रांग खोळंबली. शेवटी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "बैलजोडी लय सुंदर हाय तुमची."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मंग बैलाचीच ग्रेड लिवा ना साहेब."

ही गोष्ट भाऊजी हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर हसू फार वेळ टिकायचं नाही. पुढे खाजगी खरेदीदार वाढले, सरकारी केंद्रं आक्रसत गेली आणि बोरीचं केंद्रही बंद झालं. भाऊजी तरी रोज सकाळी दहाला तिथे जायचे. ओट्यावर गवत उगवलं होतं. ते त्या गवताची ग्रेड करून घरी यायचे. दोन हंगाम त्यांनी कशालाही ग्रेड एक म्हटल्याचं ताईच्या कानांवर आलं नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांची खरी दुखापत हीच होती.

त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं त्याच्याही आधीचं. तीस वर्षं गाड्यांवर चढउतार केली, त्याचं ते बक्षीस. औषधाच्या दुकानातून एक लाल गोळी ते परस्पर आणायचे, सकाळी एक, संध्याकाळी एक. कितीतरी वर्षं. त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, कारण गोळीनंतर भाऊजी टुणटुणीत दिसायचे.

एका दिवाळीत ताईकडे गेलो, तर भाऊजी ओसरीवर पाय लांब करून बसले होते आणि अंगठ्याने स्वतःची नडगी दाबत होते. दाबलं की खळगा पडायचा, आणि तो बराच वेळ भरून यायचा नाही. ते उत्साहाने ओरडले, "सायेबुवा, हे पाय! कापूस दाबला अन् वर उसळला नाही, तं काय समजावं?"

"ओला समजावा," मी म्हणालो. एवढं आम्हाला सगळ्यांना पाठ होतं.

"हाव! माह्ये पाय ओले हाय!"

रोगाचं निदान इतक्या आनंदाने करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना यवतमाळला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ब्लडप्रेशर भलतंच निघालं, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टर म्हणाले, "पोटाची सोनोग्राफी करून घ्या, किडन्या पाहू. मी बाहेरगावी जातोय, रिपोर्ट घेऊन सोमवारी या." तो गुरुवार होता.

सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर भली मोठी पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. बाकांवर पोटुशा बाया आणि त्यांच्या सासवा. सगळ्यांना पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगितलेलं. त्या रांगेत पांढऱ्या मिशीचे भाऊजी बाटलीभर पाणी पिऊन, गुडघे जुळवून बसले. शेजारच्या सासूबाईंनी विचारलं, "तुमी कोणासंगं आले भाऊ?"

"मीच पेशंट हाय," भाऊजी म्हणाले, आणि पाटीकडे बोट दाखवून, "पोरगं हाय का पोरगी, थे सांगत नाही म्हंतेत. नाही तं नाही, तब्येत चांगली असली म्हंजे झालं." सगळ्या बाया हसू लागल्या. एकजण कळवळून म्हणाली, "आजोबा, हसवू नका, पाणी पेलं हाय मी." भाऊजींनी तेवढ्यात तिच्या साडीचा पदर दुरून न्याहाळून सूत कुठल्या गिरणीचं असावं याचा अंदाजही सांगितला.

आत गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, शांत होत्या. पोटावर गार मलम लावून त्यांनी तो यंत्राचा दांडा फिरवायला सुरुवात केली, तसे भाऊजी मान वाकडी करून पडद्याकडे पाहू लागले. खोलीत अंधार होता. पडदा काळा होता, आणि त्या काळ्यावर पांढरे, करडे तंतू हलत होते.

"अरे!" भाऊजी अर्धे उठले. "हे तं माही मखमल हाय!"

"मामा, हलू नका," मॅडम म्हणाल्या. "श्वास घ्या. रोखून धरा."

श्वास रोखला तरी भाऊजींचे डोळे बोलत होते. मॅडमनी किडनीच्या एका टोकाला छोटी फुली ठेवली, दुसऱ्या टोकाला दुसरी, मधे ठिपक्यांची रेघ उमटली आणि कोपऱ्यात लांबीचा आकडा आला. भाऊजींनी श्वास सोडला. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "बाई, तुमी धागा मोजला! मशिनीवर! आमाले बोट तयार कराले पाच वर्सं लागले होते वो! पुन्हा एकदा मोजा ना."

मॅडमनी हसून पुन्हा मोजली. मग डावी बाजू. भाऊजी विचारत होते, हे मधात पांढरं काय, हे बाजूले काय, आणि त्या एकेका शब्दात सांगत होत्या: ही किडनी, हे लिव्हर. भाऊजी आपले "वा! वा!" म्हणत होते. तपासणी संपली तसं त्यांना एकदम पोटातल्या पाण्याची आठवण झाली, आणि ते सदरा सावरत, "येतो, येतो," म्हणत बाहेर पळाले.

जे एक मिनिट भाऊजी खोलीत नव्हते, त्याच मिनिटात सगळं घडलं. मॅडमनी फिल्म उजेडाला धरून मला दाखवली. म्हणाल्या, "लांबी ठीक आहे. पण हे पाहा. चांगली किडनी लिव्हरपेक्षा काळी दिसते. यांची लिव्हरएवढीच पांढुरकी झालीय. रक्ताचा रिपोर्टही तसाच आहे. आजार जुना वाटतो. दुखण्याच्या गोळ्या घेतात का?"

मी म्हणालो, रोज दोन.

"त्या आजच बंद करा. मीठ कमी करा. बाकी तुमचे डॉक्टर सांगतील. तुम्ही सांगाल ना त्यांना?"

मी हो म्हणालो.

भाऊजी परत आले तेव्हा टाइप केलेला रिपोर्ट माझ्या हातात होता. त्यांनी तो ओढून घेतला. इंग्रजी त्यांना बेताचंच येत असे, पण एक शब्द त्यांनी आयुष्यभर वाचला होता, लिहिला होता आणि त्याच्यावर पोट भरलं होतं. तो शब्द त्यांना त्या कागदावर लांबूनच सापडला. ग्रेड. आणि त्याच्यापुढे एक.

"ग्रेड एक!" भाऊजी सेंटरच्या दारातच उभे राहून ओरडले. बाकांवरच्या बाया दचकल्या. "सायेबुवा, पाह्यलं? दोन्ही किडन्या ग्रेड एक! अन् पांढऱ्या कशा होत्या! दुधासारख्या! म्या डोयानं पाह्यल्या!"

ती आजाराची ग्रेड होती. एक म्हणजे आजाराची पहिली पायरी. पण ज्या माणसाने तीस वर्षं पांढऱ्याला चांगलं आणि एकला सर्वांत वर मानलं, त्याने दुसरं काय वाचावं? मी तोंड उघडलं. त्यांनी माझा दंड धरून मला पेढ्याच्या दुकानात नेलं. एसटीत कंडक्टरला पेढा दिला, ड्रायव्हरला पाठवला, पुढच्या बाकावर नातवाला घेऊन बसलेल्या आजीला दिला. "माह्या किडन्या ग्रेड एक निघाल्या," असं ते प्रत्येकाला सांगत होते, आणि यवतमाळहून बोरी येईपर्यंत सगळी गाडी त्यांचं अभिनंदन करत होती. मी खिडकीशी बसून ठरवत होतो: लाडखेडला सांगू. लाडखेड गेलं. बोरीत उतरल्यावर सांगू. बोरीला ते उतरले, आणि मी गाडीतच राहून दारव्ह्याला गेलो.

माझ्या त्या गप्प बसण्याचं समर्थन मला करता येत नाही. मला एवढंच कळत होतं, की दोन हंगामांनंतर या माणसाच्या तोंडातून ग्रेड एक निघाली आहे.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी ग्रंथालयात बसून कार्डं लावत होतो आणि एकेका गोळीचा हिशेब मनात करत होतो: आता सकाळची घेतली असेल, आता संध्याकाळची. रविवारी ताईचा निरोप आला की किडन्यांच्या आनंदात भाऊजींनी पातोडीच्या रश्श्याचं जेवण ठेवलं आहे, ये.

गेलो. ओसरीवर पानं मांडली होती. बेसनाच्या पातोड्या झणझणीत रश्श्यात पोहत होत्या, शेजारी लोणचं, पापड, मिरच्यांचा ठेचा. भाऊजींनी जेवणाआधी सवयीने खिशात हात घातला, लाल गोळी काढली, आणि पाण्याचा पेला उचलला.

"भाऊजी," मी म्हणालो. "तुमच्या किडन्यांची लांबी चांगली आहे."

भाऊजींचा हात तोंडाजवळ थांबला.

"दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत," मी घाईने म्हणालो. "कडा साफ आहेत. खडा नाही. लघवी कुठे अडत नाही."

ताईच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला. आमच्या घरात तारीफ एवढी लांब गेली की काय होतं, हे तिलाही माहीत होतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या गोळीकडे पाहिलं, आणि ती हळूच ताटाच्या काठावर ठेवली.

"म्हंजे ग्रेड खाली हाय," ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. एक म्हणजे सुरुवात, पांढरं म्हणजे वाईट, आणि या गोळ्या त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या होत्या.

"तुले कधी समजलं?" ताईने विचारलं.

"गुरुवारी."

"गुरुवारी! अन् आज रविवार!" ताईने डाव आपटला. "पुस्तकं वाचून वाचून तोंड शिवून घेतलं का रे? घरचा माणूस गोया गियून राह्यला, अन् हा मुका! कायले शिकवलं तुले बाबांनी एवढं?"

"त्याले नको बोलू वो," भाऊजी म्हणाले. मग मला, अगदी हळू, "काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही फार खूश होता."

भाऊजी पापड मोडून त्याचा एकेक तुकडा ताटात मांडत राहिले. मग म्हणाले, "त्या बैलवाल्या बुढ्याले सांगतानी मलेही असंच झालतं. पण मी सांगतलं ना, सायेबुवा. नाही सांगतलं असतं, तं तो थोच ओला कापूस घेऊन दुसऱ्या केंद्रावर गेला असता, तिथून तिसऱ्या. चांगलं आधी सांगाव. पण खालचं त्याच दिवशी सांगाव."

मी मान खाली घातली. आता हे उठून आत जातील, असं वाटलं. पण भाऊजींच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत होतं. त्यांनी भिंतीला टेकवलेली फिल्म ओढली, ओसरीच्या उजेडाला धरली, खिशातून मखमल काढून शेजारी धरली.

"थांब, थांब. कोणतं लिव्हर म्हंलं त्या? हे? अन् हे किडनी? दोन्ही सारखेच पांढरे! अन् किडनी कायी पाह्यजे! म्हंजे उलटी मखमल! सायेबुवा, उलटी मखमल हाय ही! कचरा पांढरा अन् माल काया!" ते उभे राहिले. "अवो, ऐकून राह्यली का? तीस वर्सं म्या एकाच बाजूनं पाह्यलं!"

ताई एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्याने हसत होती. तिने त्यांचं ताट उचललं आणि बिनमिठाचं वरण आणि भाकरी आणून ठेवली.

"पातोडीचा वास लय भारी हाय," भाऊजी म्हणाले.

"वासच घ्या," ताई म्हणाली.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की झालेलं नुकसान भरून येणार नाही, पण ब्लडप्रेशर ताब्यात ठेवलं, मीठ तोडलं, त्या गोळ्यांना हात लावला नाही, तर पुढचं लांबवता येईल. भाऊजींनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "म्हंजे पऱ्हाटी उपटाची नाही, पाणी देत राहाचं. फरदड घ्याची." डॉक्टर वऱ्हाडातलेच होते. म्हणाले, "अगदी बरोबर." आणि ज्या कापसाला भाऊजींनी लग्नाच्या मांडवात नावं ठेवली होती, त्याच्याच नावाने त्यांनी आपली उरलेली वर्षं काढायला घेतली. कुणी तब्येत विचारली की म्हणायचे, "फरदड चालू हाय!"

आणि काय फरदड ती! केंद्र बंद पडल्यापासून या माणसाला काम नव्हतं, आता काम मिळालं. नमुन्यांची एक जुनी वही होती, जिच्या पानांवर कापसाच्या पाती चिकटवलेल्या असत. तिच्या कोऱ्या पानांवर ते दर वर्षीच्या सोनोग्राफीची लांबी लिहू लागले, उजवी, डावी, पांढरेपणा. सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी त्यांना झोप येत नसे, लहान मुलाला जत्रेच्या आदल्या दिवशी येत नाही तशी. मॅडम आता त्यांनी सांगायच्या आधीच पडदा त्यांच्याकडे वळवायच्या. रांगेतल्या बायांना हे आजोबा दर वर्षी भेटत, आणि एकदा तर मागच्या खेपेला पोटात असलेलं बाळ कडेवर घेऊन एक बाई मुद्दाम त्यांना दाखवायला आली. "ग्रेड एक!" भाऊजी उभं राहून ओरडले, आणि बाळाने भोकाड पसरलं.

गावात तर त्यांनी कहर केला. पारावर बसलेल्या माणसाचा पाय ते विचारल्याशिवाय ओढून घ्यायचे आणि नडगी दाबायचे. उसळला तर सोडायचे, नाही उसळला तर दुसऱ्या दिवशी एसटीत घालून यवतमाळला न्यायचे. चहाच्या टपरीवर कुणी खिशातून लाल गोळी काढली, की भाऊजींचा हात त्याच्या मनगटावर पडायचा. "कोणी देल्ली? कधीपासून खाऊन राह्यला? लघवी तपासली?" पोरं त्यांना 'किडनीचे ग्रेडर' म्हणायची. त्यांना ते नाव फार आवडलं. ढाणकीच्या एका लग्नात त्यांनी व्याह्यांचाच पाय दाबला. व्याही नाराज झाले. महिन्याभराने त्यांचाच फोन आला, की वेळेत सापडलं, तुमचे उपकार. अशी पाच-सात माणसं तरी मला ठाऊक आहेत, जी भाऊजींच्या अंगठ्यामुळे वेळेवर डॉक्टरकडे पोचली.

नऊ वर्षं चालली ती फरदड. वहीतली लांबी दर पानाला थोडी आखडत गेली, पांढरेपणा वाढत गेला. नवव्या वर्षी मॅडमनी बराच वेळ दांडा फिरवला, पुन्हापुन्हा फुल्या ठेवल्या. मग पडदा वळवून म्हणाल्या, "मामा, आज चित्र फार स्वच्छ आलंय. श्वास किती छान रोखला तुम्ही."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "सायेबुवा, मॅडम शिकल्या." मग त्यांच्याकडे वळून, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "सांगा बाई, खालचं सांगा. मी आयकून राह्यलो."

त्यानंतर डायलिसिसवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. तिथेही त्यांनी नळ्या, पट्ट्या आणि नर्सबाईंच्या हातातला कापूस तपासला. पहिली वेचणी सुरू झाली त्या आठवड्यात ते गेले. माणसं खूप आली. त्यांतले कितीतरी जण ओसरीवर बसल्याबसल्या, नकळत, स्वतःची नडगी दाबून पाहत होते.

मखमलीचा तो तुकडा ताईने मला दिला. धुतलेला नाही. त्याच्यावर अजून दोन-तीन तंतू चिकटलेले आहेत, कुठल्या वर्षाचे कोण जाणे. तो टेबलावर ठेवून मी हे लिहीत आलो. रोज थोडं, कारण याहून जास्त मला जमत नव्हतं. काल ताई आली होती, तेव्हा तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. गादीचं वाचलं, बैलजोडीचं वाचलं, एसटीतल्या पेढ्यांचं वाचलं. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मॅडम पडदा वळवतात तिथपर्यंत आलो, तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"लय चांगलं लिवलं रे," ती म्हणाली. "आता खालचं नको वाचू. थे मले माहीत हाय."